कलिंगडावरचं व्हँकुव्हर

इन्शिराहचं लग्न दिवसातून चार-पाच वेळा तरी मोडता मोडता वाचायचं, आणि त्यात त्या बाईचा काडीचा दोष नव्हता. दोष होता तिच्या नवऱ्याच्या जिभेचा.

तिचा नवरा उस्ता शलबी. सोफे मढवायचा. इजिप्तमधल्या आमच्या दुम्यातमध्ये दगड भिरकावला तर तो सुताराच्याच डोक्यात बसेल, सगळं गाव लाकडावर जगतं; पण गादी भरावी, स्प्रिंगा बसवाव्यात आणि वरून कापड असं ओढून घ्यावं की बसणाऱ्याला उठवत नाही, ते शलबीनंच. कामाला बसला की तोंडात मूठभर चुका, बारीक खिळे. जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, हातोडीच्या टोकाला लावायचा, की ठाक! चुका तोंडात असेपर्यंत देवमाणूस. त्या तळहातावर थुंकल्या की समजायचं, आता शपथ आली.

"तलाक माझ्यावर, चहा घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही!"

म्हणजे पाहुणा चहा न पिता गेला तर शलबीची बायको तिथल्या तिथे सुटली. ही खोड आमच्याकडच्या पुष्कळ पुरुषांना आहे, मेल्यांना. पण बाकीचे कधीतरी, भांडण फार चढलं तर तोंडातून काढतात. शलबीला ती जेवणातल्या मिठासारखी लागायची. "तलाक माझ्यावर, हा सोफा तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत खचला तर!" "तलाक माझ्यावर, आज मासळी स्वस्त होती!" बायको बिचारी वर तिसऱ्या मजल्यावर भाजी चिरतेय, आणि खाली गल्लीत तिचं लग्न कुणा परक्याच्या चहाच्या पेल्यावर टांगलेलं.

लोक भले, म्हणून निभावलं. एकदा मन्सूराचा एक मधुमेही म्हातारा खुर्च्या ठरवायला आला होता. शलबीनं बसबूसाची, रव्याच्या पाकातल्या वड्यांची, बशी पुढे केली आणि चुका थुंकल्या. म्हाताऱ्यानं वर पाहिलं तर गच्चीच्या कठड्याशी इन्शिराह कपडे वाळत घालत होती. "चांगल्या घरची दिसते बाई," असं म्हणत त्यानं डोळे मिटून तीन वड्या गिळल्या. घामाघूम झाला, पण संसार वाचवून गेला.

मी तफीदा. शिवणकाम करते. माझी खिडकी शलबीच्या घरासमोर, आणि खिडकीखाली कहवाखाना. मी कान लावून ऐकते असं गल्लीतल्या बायका म्हणतात. कान लावायला ते भिंतीवर टांगलेत का माझे? डोक्यालाच आहेत, आणि देवानं त्यांना झाकणं दिलेली नाहीत. हे सगळं झालं तेव्हा खिशातले फोन आलेले नव्हते. अख्ख्या गल्लीत एकच फोन, तो हाजी झैनहोमच्या मिठाईच्या दुकानात, जिलबीसारख्या मशब्बकच्या परातीशेजारी. रिसीव्हर कानाला लावला की केसांना पाक लागायचा.

शलबीची एकुलती एक मुलगी हनादी लग्न होऊन व्हँकुव्हरला गेली. जावई तिथे इंजिनियर. त्याच्या आधी दोन वर्षं झैनहोमचा थोरला मुख्तार ब्यूनस आयर्सला गेला होता. आता दुसरे बाप असते तर एकमेकांच्या गळ्यात पडून रडले असते. हे दोघं भांडायचे. कशावरून? तर कुणाचं पोर जास्त लांब गेलं!

रोज दुपारच्या नमाजानंतर कहवाखान्यात हेच चालायचं.

"माझ्या मुख्तारकडे आता थंडी आहे," झैनहोम हुक्क्याची नळी बाजूला करून म्हणायचा. "ऐन ऑगस्टात! त्यांचे ऋतूसुद्धा उलटे. एवढं लांब."

"आणि माझी हनादी आत्ता झोपलीय," शलबी म्हणायचा. "तिच्याकडे अजून पहाट व्हायचीय. सूर्य पोचायला थकतो तिकडे."

"मुख्तारला जाताना विमानात तीनदा जेवायला दिलं."

"हनादीला तीनदा दिलं आणि वर नाश्ता!"

मी वरून म्हणायचे, "अरे बाबांनो, पोरं लांब गेली म्हणून बढाया काय मारता? जवळ कुणाची आहेत ते सांगा." पण पुरुषांच्या बोलण्यात बाईनं वरून टाकलेला शब्द म्हणजे वाळत घातलेल्या कपड्याचं पाणी. मान वर करून बघतात, खुर्ची सरकवतात, पुन्हा सुरू.

त्यातून हनादीला दिवस गेले. तिनं आईबापांची कागदपत्रं करून घेतली आणि दोन तिकिटं पाठवली, एक आईचं आणि एक बाबांचं. इन्शिराहनं त्या दिवशी गल्लीत सरबत वाटलं. बाळाची दुपटी माझ्याकडे शिवायला टाकली, पिवळी, म्हणजे मुलगा असो मुलगी असो चालतील. आणि शलबी? शलबीनं तिकिटं पाहिली, घडी केली आणि म्हणाला, "फार लांब आहे."

"लांब आहे म्हणूनच विमान आहे ना?" इन्शिराह म्हणाली.

"इतकं लांब माणसं जात नाहीत."

"तुमची मुलगी गेली!"

"ती तरुण आहे. आपण वाटेतच मरू. हनादीची आई, ते जगाचं टोक आहे टोक. त्याच्यापुढे नुसतं पाणी."

खरं कारण मला ठाऊक होतं आणि इन्शिराहलाही. शलबीला उंचीची भीती. शिडीवर चढायचं तर शेजाऱ्याला बोलवायचा. हनादी लहान असताना रास अल-बर्रच्या समुद्रावर तिला मोठ्या पाळण्यात बसवलं होतं, बापासकट. पाळणा वर जाऊन थांबला, तसा हा गडी असा किंचाळला, की पाळणेवाल्याला वाटलं यंत्रात कुणाचा हात सापडला. पोरगी हसतेय आणि बाप तिच्या फ्रॉकला धरून कलमा पढतोय! पण कबूल करेल तर तो पुरुष कसला. तेव्हा ही लांबी त्याला दोन्हीकडून सोयीची पडली. कहवाखान्यात मिरवायला लांब, आणि घरात न जायला लांब.

इन्शिराह एकटी निघाली असती. बाई खमकी आहे. पण पोरीनं फोनवर रडत सांगितलं होतं, "अम्मा, बाबांना घेऊनच ये. नाहीतर बाळ झाल्यावर बाबा फक्त फोनवर ओरडत राहतील." तिकिटांची तारीख जवळ येत होती. इन्शिराह रोज एक वस्तू पेटीत भरायची आणि शलबी रोज ती वस्तू शोधायचा. स्वतःचा बनियनसुद्धा त्याला पेटीतून काढून घालावा लागायचा.

आणि मग तो शुक्रवार आला.

वग्दी मास्तर, शाळेत भूगोल शिकवतात ते, सुट्टीत रंग द्यायला म्हणून जगाचा नकाशा गुंडाळून घरी नेत होते. शलबीनं त्यांना कहवाखान्यासमोर अडवलं. नकाशा भिंतीवर लावायला लावला, खिशातून मापाची फीत काढली आणि सोफ्याचं कापड मोजावं तसं कैरोपासून व्हँकुव्हरपर्यंत मोजलं. मग कैरो ते ब्यूनस आयर्स. व्हँकुव्हर पार डाव्या कडेला, जवळजवळ चौकटीच्या बाहेर. ब्यूनस आयर्स अलीकडेच, खाली.

"बघ!" शलबी ओरडला. "वीतभर जास्त! बघा रे सगळ्यांनी!"

झैनहोमचं तोंड पडलं. पण मिठाईवाला चिवट. तो म्हणाला, "पृथ्वी गोल आहे, शलबी. तुझा नकाशा सपाट आहे. सपाट तर माझी परातही आहे."

"गोल असली म्हणून काय मुलगी जवळ येते?"

"मास्तरांना विचार."

वग्दी मास्तर घसा खाकरायला लागले. त्यांना एखादी गोष्ट सांगायची म्हणजे आधी टोलेमीपासून सुरुवात करावी लागते. तेवढा धीर शलबीला कुठला! कारखान्यातून उठून आला होता, गालात चुका तशाच दाबलेल्या होत्या. त्यानं त्या तळहातावर थुंकल्या. मी खिडकीतून ओरडले, "शलबी, नको!" पण गेलं हो हातचं.

"तलाक माझ्यावर! माझी हनादी तुझ्या मुख्तारपेक्षा लांब आहे!"

एरवी शपथ पडली की लोक लगबगीनं पेला उचलायचे, वडी तोंडात टाकायचे, मिटलं. आता काय उचलणार? व्हँकुव्हर हातानं थोडंच सरकवता येतंय? शलबीलाही ते उमगलं असावं, कारण तो एकदम चुका मोजायला लागला. कहवावाला उगीचच म्हणाला, "चहा घ्या की कुणीतरी." दोघा-तिघांनी घाईघाईनं घेतलासुद्धा. सवय!

मी शिवणाची कात्री तशीच हातात घेऊन समोरच्या जिन्यानं वर गेले आणि इन्शिराहला सांगितलं. चुगली नव्हे. ज्या बाईचं लग्न, तिला नको का कळायला?

इन्शिराह भांडं विसळत होती. तिनं शांतपणे सगळं ऐकलं. मग हात पुसले, आत जाऊन डोक्याला रुमाल गच्च बांधून आली, हनुवटीखाली गाठ मारून, परक्या माणसासमोर जायचं असल्यासारखा. आणि दाराला आतून कडी घातली.

"तफीदा," म्हणाली, "तुझ्या खाली जाण्याआधी तो वर यायला नको. तू गच्चीवरून शेजारच्या जिन्यानं उतर."

शलबी आला तेव्हा दार बंद. त्यानं थाप मारली.

"कोण आपण?" आतून आवाज.

"मी! हनादीचा बाप!"

"घरात पुरुषमाणूस नाही. परपुरुषाला मी दार उघडत नाही."

"अगं इन्शिराह!"

"माझं नाव घेऊ नका. लोक काय म्हणतील?"

तो खाली आला आणि गल्लीत उभा राहून वर बघायला लागला. सगळ्या खिडक्या उघडल्या. आमच्या गल्लीत दूरदर्शनचा संच चार घरांत होता, पण त्या दिवसांत कुणी तो लावला नाही.

जेवण मात्र ती द्यायची. आमच्याकडे बायका भाजीपाला घ्यायला गच्चीतून दोरीनं टोपली सोडतात, तीच टोपली. दुपारी टोपली खाली यायची, आत मुलुखियाच्या पातळ पालेभाजीचं भांडं आणि पाव. शलबी भांडं उचलायचा आणि दोरी ओढून विचारायचा, "लिंबू?" टोपली वर जायची, लिंबू घेऊन यायची. "चमचा?" टोपली वर, टोपली खाली. एकदा तो म्हणाला, "माझी चप्पल राहिलीय वर." तर वरून चप्पल आली ती टोपलीतून नाही, थेट आली. रात्री तो कारखान्यात झोपायचा, कुणा नवरा-नवरीच्या अर्धवट सोफ्यावर, ज्याच्या स्प्रिंगा अजून उघड्या होत्या. सकाळी त्याच्या गालावर गोल गोल ठसे.

शेवटी तो शेख सुवैलमकडे गेला. शेख आमच्या मशिदीतले, म्हातारे, ऐकायला कमी पण समजायला जास्त. सगळं ऐकून ते म्हणाले, "बाळ, तुझी शपथ खरी की खोटी हे आधी ठरव. मी निकाह-तलाक सांगतो. भूगोल सांगत नाही."

म्हणजे आता मोजायलाच हवं. वग्दी मास्तर म्हणाले पृथ्वीचा गोल हवा. शाळेतला गोल हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात, आणि हेडमास्तर किल्लीसकट रास अल-बर्रला हवा खायला गेलेले. तेवढ्यात फळवाल्याची गाढवगाडी गल्लीत शिरली. मीच म्हटलं, "अहो मास्तर, कलिंगड गोलच असतं ना?"

कलिंगड निवडायलाच निम्मी दुपार गेली. झैनहोमला लांबट नको, कारण लांबट म्हणजे शलबीची लबाडी. शलबीला डाग असलेलं नको. फळवाला म्हणाला, "लोक कलिंगड गोड आहे का विचारतात. तुम्हांला जग हवंय काय?" अखेर एक हिरवंगार, वाटोळं मिळालं. कहवाखान्याच्या टेबलावर साखरेच्या भांड्यात बसवलं, देठ वर. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. माझा शिवणाचा खडू घेऊन मास्तर देश काढायला लागले.

"इजिप्त एवढाच?" कहवावाला म्हणाला.

"एवढाच असतो."

"जरा मोठा काढा हो. आपलाच आहे."

"मोठा काढला तर माप चुकेल!"

"सुदान आपल्यापेक्षा मोठा दाखवलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. मास्तरांचा घाम खडूवर पडून हिंदी महासागर पुसला गेला, तो पुन्हा काढावा लागला. मग मी माझ्या रंगीत टाचण्या दिल्या. काळी कैरोला, पिवळी व्हँकुव्हरला, लाल ब्यूनस आयर्सला. टाचणी खुपसताना शलबी "हळू!" म्हणाला, जणू तिथे हनादी बसलीय.

इन्शिराह वर गच्चीत उभी होती, रुमालाची गाठ तशीच. पेटी भरून तयार, तिकिटं छातीशी. खाली कलिंगडावर काय निघतं त्यावर तिचं घर होतं, आणि तिचं जाणंही.

मास्तरांनी काळ्या टाचणीला माझा पांढरा दोरा बांधला आणि पिवळीकडे ओढला. दोरा सरळ वर चढला, देठाच्या जवळून गेला आणि पलीकडे उतरला.

"हे काय?" शलबी उसळला. "विमान डोक्यावरून कशाला जाईल? व्हँकुव्हर पश्चिमेला आहे! असं आडवं न्या!"

"आडवं लांब पडतं, उस्ता. गोलावर हाच जवळचा रस्ता. तुमची हनादी लंडनवरून गेली ना? लंडन वरच आहे बघा, उत्तरेला."

मास्तरांनी पिवळ्या टाचणीशी दोरा कापला. मग दुसरा दोरा काळीपासून लालपर्यंत, समुद्र ओलांडून खाली, खाली. तोही कापला. दोन्ही दोरे शेजारी शेजारी टेबलावर ठेवले आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मुख्तारचा दोरा बोटभर जास्त लांब होता.

"जिंकलो!" झैनहोमनं हात वर केला. "माझा मुख्तार लांब!" आणि तो हात वरच राहिला, कारण कुणीच टाळी दिली नाही. सगळे वर गच्चीकडे बघत होते.

शलबीच्या चेहऱ्याचा रंग कलिंगडाच्या आतल्या पांढऱ्या भागासारखा झाला. तो तिथेच बसलेल्या शेख सुवैलमकडे वळला. "शेखसाहेब, घर गेलं का माझं?"

शेख म्हणाले, "तू शपथ घेतलीस तेव्हा खरं समजून घेतलीस?"

"फितीनं मोजून!"

"मग जाणूनबुजून खोटं बोलला नाहीस. तुझं लग्न शाबूत आहे. पण या जिभेबद्दल दहा गरिबांना जेवू घाल." त्याबरोबर कहवाखान्यातल्या निम्म्या लोकांना आपण गरीब असल्याचं आठवलं. फळवाला तर नाव सांगायलाच लागला.

"थांबा!" वरून इन्शिराहचा आवाज आला. "शेखसाहेबांनी सोडलं असेल. मी नाही सोडलं. तो दोरा वर पाठवा. माझ्या पोरीचा."

टोपली खाली आली. मी दोरा त्यात ठेवला, एवढ्या मोठ्या टोपलीत एवढासा दोरा, आणि टोपली डुलत वर गेली. इन्शिराहनं तो उचलला. एक टोक एका हातात, दुसरं दुसऱ्या हातात, असा ताणून बघितला. कोपरापर्यंतही पोचत नव्हता.

"एवढंच?" ती म्हणाली.

तिनं तो पुन्हा ताणला.

"एवढंच आहे? इथून इथपर्यंत?" आणि बाई रडायलाच लागली. "दोन वर्षं मला सांगताय जगाचं टोक आहे! दोन वर्षं मी रोज त्या समुद्राकडे बघून... अहो, एवढंच होतं तर मी कधीच गेले असते! आणि जगाचं टोक नाहीच आहे ते! हाजी झैनहोमचा मुख्तार तिच्याहून लांब आहे, आणि तोसुद्धा त्याच कलिंगडावर आहे!"

शलबी खाली मान घालून उभा होता. सवयीनं त्यानं खिशातल्या चुका तोंडात टाकल्या होत्या. मग त्यानं त्या थुंकल्या. सगळी गल्ली दोन पावलं मागे सरली.

"लांब नाही, इन्शिराह," तो म्हणाला. "उंच आहे. मला उंचीची भीती वाटते गं! लांबीची नाही वाटत. विमान वर जातं!"

हे तो अख्ख्या गल्लीसमोर म्हणाला. कहवावाल्यानं हसू दाबायला तोंडात साखर कोंबली.

"माहितीये मला," इन्शिराह नाक पुसत म्हणाली. "पाळण्यात तुमची मान कोणी धरून ठेवली होती? हनादीनं! सात वर्षांच्या पोरीनं! आता पोरीला बाळ होतंय, तिच्याकडे कोणी जायचं?"

"मी ओरडेन विमानात."

"ओरडा."

"लोक हसतील."

"इथे काय रडतायत?"

शलबीनं कलिंगडावरच्या पिवळ्या टाचणीला बोट लावून बघितलं. मग नुसती होकाराची मान हलवली. टोपली खाली आली. आत लिंबू नव्हतं, चमचा नव्हता. घराची किल्ली होती.

कलिंगड मग कापलंच. गोड होतं. व्हँकुव्हरची फोड मला मिळाली, मी ती पुरी खाल्ली, लाज कसली? इजिप्तची फोड कहवावाल्यानं घेतली आणि छोटी आहे म्हणून पुन्हा कुरकुरला. ब्यूनस आयर्सची फोड झैनहोमनं बशीत ठेवली आणि ती त्यानं कुणालाच खाऊ दिली नाही. स्वतःही खाल्ली नाही. माश्या बसल्या तरी तो रुमालानं वारा घालत बसला. जिंकला होता ना, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ते दोघं गेले. विमानतळापर्यंत गल्लीतली दोन माणसं सोडायला गेली होती, ती सांगत आली की आत शिरताना शलबीनं तोंडात मूठभर बडीशेप धरली होती, चुका नेऊ देत नाहीत म्हणून. शपथ घ्यायची नाही असं इन्शिराहनं बजावलं होतं आणि तोंड मोकळं ठेवणं धोक्याचं होतं.

काही आठवड्यांनी मी झैनहोमच्या दुकानात मशब्बक घेत होते तेव्हा फोन वाजला. शलबीचा आवाज रिसीव्हर न उचलतासुद्धा ऐकू आला असता.

"झैनहोम! नात झाली! नाक माझं आहे! तलाक माझ्याव..." मग धपकन काहीतरी आपटल्याचा आवाज आणि इन्शिराहचा ओरडा. मग पुन्हा शलबी, जरा खालच्या पट्टीत, "मिशी माझ्यावर, नाक माझंच आहे. आणि ऐक, वर काही नसतं रे. नुसतं कापसासारखं. मी फक्त उडताना ओरडलो, आणि उतरताना. बरं, मुख्तार काय म्हणतो?"

"बरा आहे," झैनहोम म्हणाला.

"कधी फोन आला होता त्याचा?"

झैनहोम परातीतला मशब्बक सारखा करायला लागला. मला ठाऊक होतं, ईदनंतर आलेला नव्हता. आणि झैनहोमचा नियम होता, मुलानं बापाला फोन करायचा, बापानं मुलाला नाही. इतक्या लांब गेलेल्या मुलाचा बाप तो, त्यानं आधी का वाकायचं?

"तू लाव की," तिकडून शलबी म्हणाला. "लाज काय धरतोस? मी अख्ख्या गल्लीसमोर पाळण्याची गोष्ट सांगितली."

फोन ठेवून झैनहोमनं माझा मशब्बक बांधला. कागद दोनदा फाटला. मग त्यानं गल्ल्याच्या खणात हात घातला आणि तो दोरा काढला, मुख्तारचा, बोटाभोवती गुंडाळून ठेवलेला. माझ्याकडे बघितलं. मी हललेच नाही. म्हटलं ना, कानांना झाकणं नाहीत.

त्यानं एक्स्चेंजला फोन लावला आणि नंबर सांगितला. तिकडची बाई वैतागून म्हणाली, "हाजी, फार लांबचं शहर आहे. वेळ लागेल."

"कुठे लांब, बाळ?" झैनहोम म्हणाला. "एका कलिंगडावर तर मावतं. लाव तू."